सातवी मोरी

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे पायमोजे. कारण हातात टेप असला तरी ते आधी पावलांनी मोजत. "अडुसष्ट पावलं, म्हणजे पन्नास मीटर," असं म्हणून मग टेप लावायचे आणि बहुतेक वेळा टेपला त्यांचं म्हणणं मान्य करावं लागायचं. हे नाव मीच ठेवलं होतं. नावं ठेवण्यात मी पटाईत आहे. आईच्या मते त्याशिवाय मला दुसरं काही धड येतच नाही. नाव काकांच्या कानावर गेलं तेव्हा मला वाटलं, आता आपली कंबख्ती भरली. ते माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "एकटा मोजा काय कामाचा? दुसरा तू." तेव्हापासून आमची जोडी ठरून गेली.

ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्या. पहिलीत साहेब आणि त्यांचे दोन फोन. मधलीत मी, दोन संगणक आणि मनात आलं तरच नकाशे छापणारा एक प्लॉटर. शेवटच्या खोलीत काका, त्यांची तिपाई, उंची मोजायची दुर्बीण, लाल-पांढऱ्या पट्ट्या आणि लोखंडी कपाटात बत्तीस वर्षांच्या वह्या. दुपारी खालून रबराचा वास वर यायचा आणि साहेबांकडे आलेली माणसं नाकाला रुमाल लावून बसायची. आम्हाला तो वास येईनासा झाला होता.

आमचं काम पाणलोटाच्या हद्दी काढण्याचं. जमिनीवर पडलेलं पाणी शेवटी कुठल्या ओढ्याला जाऊन मिळतं, हे कळलं की त्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र कळतं. उंचीची माहिती माझ्याकडे चौकोनांच्या जाळीत येते. गणिताच्या वहीचं पान डोळ्यांसमोर आणा: एकेक चौकोन जमिनीवरच्या मीटरभर जागेचा, आणि प्रत्येकात एकच आकडा, त्या जागेच्या उंचीचा. आम्ही त्याला रास्टर म्हणतो. प्रोग्राम प्रत्येक चौकोनाला विचारतो, तुझ्या आठ शेजाऱ्यांत सगळ्यात खाली कोण? पाणी तिकडे. मग कोणाकडे किती चौकोनांचं पाणी जमतं ते मोजतो. जिथे पुष्कळ जमतं तिथे निळी रेघ उमटते, तो ओढा. त्या ओढ्याच्या तोंडाशी टिचकी मारली की वरचं सगळं पाणलोट रंगून समोर येतं. मला ते बघायला अजूनही आवडतं. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात या आवडीचाही हात आहे.

या जाळीत एक मोठी खोट आहे. तिला वरचं दिसतं, खालचं दिसत नाही. रस्त्याचा भराव दिसतो. पण पाणी पलीकडे जावं म्हणून त्या भरावाच्या पोटातून काढलेली मोरी दिसत नाही, मग ती दगडी असो की नुसता सिमेंटचा नळ. संगणकाच्या लेखी भराव म्हणजे भिंत. पाणी अडलं, की तो अडलेला खड्डा बुजवून पाण्याला भरावाच्या कडेकडेने भलतीकडे पाठवून देतो. म्हणून कोणीतरी पायी फिरून मोऱ्या शोधायच्या आणि माझ्यासारखीने जाळीतले तिथले चार-सहा चौकोन हाताने खाली उतरवायचे, म्हणजे पाण्याला भिंतीतून वाट मिळते. शोधायचे काका, उतरवायची मी.

काकांची स्मरणशक्ती हा ऑफिसातला करमणुकीचा विषय होता. मोजणीसाठी गावभर पायऱ्यांवर, दगडांवर खुणा केलेल्या असतात, आणि त्या प्रत्येकीची समुद्रसपाटीपासूनची उंची त्यांना मीटरमध्ये पाठ होती. कोणीही उठावं आणि विचारावं, "काका, जुन्या दवाखान्याच्या पायरीवरची खूण?" ते दाताखालचा घास न थांबवता सांगायचे, "पाचशे बारा पूर्णांक तीनशे चाळीस. पण पायरीचा कोपरा उडालाय, त्याच्यावर भरवसा ठेवू नकोस." मग आम्ही वही काढून पडताळायचो. वही कधी वेगळं बोलली नाही. साहेब बाहेरच्या माणसांसमोर त्यांचा हा खेळ करून दाखवायचे, आणि मला त्याचा संताप यायचा, पण काका मजेत असायचे.

या खेळामागची गोष्ट त्यांनी मला एकटीला सांगितली होती, डबा खाताना. त्यांचे थोरले भाऊ गणिताचे मास्तर. शेवटची सहा वर्षं त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. सख्ख्या भावाला ते "अहो, पोस्टमन" म्हणायचे. काका आणि काकूंनी त्यांचं सगळं केलं, अगदी न्हाऊमाखू घालण्यापर्यंत.

"सुरुवात कशी झाली माहितेय?" काका म्हणाले. "एकदा मला म्हणाला, मी तुला निरोप दिला होता. दिलाच नव्हता. पण शपथेवर सांगायचा, दिला म्हणून. वेळ सांगायचा, कुठे उभं राहून सांगितलं ते सांगायचा. सगळं मनातलं. ते बघितलं ना, त्या दिवसापासून माझी झोप उडाली."

"तुम्हाला काय धाड भरलीय, काका?"

"भरायला वेळ लागत नाही. रोज सकाळी दाढी करताना पाच खुणांच्या उंच्या म्हणतो. पाचही जमल्या की म्हणायचं, आजचा दिवस आपला."

म्हणजे मला माहीत होतं. या माणसाला जगात एकाच गोष्टीची भीती वाटते आणि ती कुठल्या वाटेने येते, हे मला पूर्ण माहीत होतं. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

नगरपालिकेला गावातले सगळे नाले नव्याने बांधायचे होते. कुठल्या नाल्यात किती पाणी येईल ते आम्ही सांगायचं आणि त्यावरून त्यांनी नाल्याची रुंदी ठरवायची. काका तीन आठवडे फिरले. रस्त्यांखालच्या सहा मोऱ्या त्यांनी वहीत लिहून आणल्या, प्रत्येकीचं चित्र काढून. मी सहाही जाळीत उतरवल्या, प्रोग्राम चालवला, हद्दी काढल्या. अडतीस नकाशे झाले. प्लॉटर त्या आठवड्यात कधी नव्हे तो शहाण्यासारखा वागला. मंगळवारी अहवाल द्यायचा होता.

रविवारी सकाळी साडेआठला काकांचा फोन आला. मी केस धुऊन बसले होते.

"ऐकतेस का? गिरणीच्या गल्लीच्या वर तो बंद पडलेल्या रेल्वेचा भराव आहे ना, तिथे एक मोरी आहे."

"तिथे नाही म्हणाला होतात तुम्ही."

"म्हणालो होतो. चुकलो. घाणेरीच्या झुडपांत दडलीय. आज सहज इकडे फिरायला आलो, तर कोणीतरी माझ्या पायाशी खोकल्यासारखं वाटलं. बघतो तर माणूस नाही. तो खोकत होता भरावाच्या पलीकडे आणि आवाज येत होता नळातून! वाकून बघितलं. तीन फुटी नळ आहे, आरपार उजेड दिसतोय."

"बरं."

"बरं काय? मागचं सगळं पाणी यातून खाली गल्लीत येतं. नव्वद हेक्टर तरी असेल. उद्या आल्या आल्या वहीत लिहितो."

"वहीत कशाला? मी थेट जाळीतच टाकते. तुम्ही सांगितलंत, झालं."

"टाकशील ना नक्की?"

"टाकते हो काका. तुम्ही फिरा निवांत."

मी टाकली नाही.

चार चौकोनांचे आकडे बदलायचे होते, दहा मिनिटांचं काम. पण त्यानंतर प्रोग्राम चार तास चालणार, त्या भागातल्या हद्दी बदलणार, तक्ते बदलणार, अकरा नकाशे पुन्हा छापावे लागणार आणि प्लॉटरचा काय भरवसा? सोमवारी सकाळी मी पडद्यासमोर बसले आणि ते सगळं पाणलोट रंगीत, नेटकं, पुरं झालेलं बघितलं आणि ते मोडायचं माझ्या जिवावर आलं. भरावाच्या कडेने सहाशे मीटरभर एक निळी रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ गेली होती. पाणी स्वतःहून असं सरळ कधी जात नाही. तशी रेघ दिसली की समजायचं, कुठेतरी पाणी मुरतंय. हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, काकांनीच. मी ती रेघ बघितली आणि मनाशी म्हणाले, असेल तिथे कडेचा चर. आणि अगदी खरं सांगायचं तर असंही म्हणाले, की म्हाताऱ्याला रविवारचा उद्योग नाही आणि माझ्या मानगुटीवर काम. सुधारित प्रतीत टाकू, असं ठरवून मी मोकळी झाले. सुधारित प्रत कोणी मागितली नाही. मी विसरले असते तरी एक वेळ परवडलं असतं, पण मी विसरले नव्हते.

अहवालाच्या शेवटी एक कागद असतो, सर्व मोऱ्या प्रत्यक्ष पाहून नोंदल्या असल्याचा. त्यावर सही काकांची. त्यांनी चष्मा वर ढकलला, मला विचारलं, "तू बघितलंस ना सगळं?" मी मान हलवली. त्यांनी न वाचता सही केली.

नाला बांधला गेला. गिरणीच्या गल्लीला आमच्या नकाशाने चौदा हेक्टरचं पाणी दिलं होतं, त्या मापाचा, दोन हात रुंद, वर फरशी घातलेला छानसा नाला. पुढच्याच वर्षी एका दुपारी अडीच तास पाऊस कोसळला आणि नव्वद हेक्टरांचं पाणी त्या नळातून सरळ गल्लीत उतरलं. एकतीस घरांत कमरेएवढं पाणी शिरलं. कोणी दगावलं नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगते. दुसऱ्या दिवशी मी बघायला गेले. गिरणीतलं सगळं पीठ भिजून भिंतींना थापल्यासारखं चिकटलं होतं, आणि एक शिवणकाम करणारी बाई दारात मशीन उलटं करून त्यातला गाळ चमच्याने काढत होती. मला बघून म्हणाली, "पाय सांभाळून टाका हो, निसरडं आहे." मी तिथून पळाले.

नगरपालिकेच्या इंजिनिअरला ती मोरी अर्ध्या तासात सापडली. पाण्याने घाणेरी उपटून नेली होती आणि नळ आ वासून उभा होता. दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघांना त्यांच्या खोलीत बोलावलं.

"काका, ही सुटली कशी?"

"सुटली नाही साहेब. मी सांगितली होती."

"कोणाला?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात आरोप नव्हता. वही उघडावी आणि आकडा पडताळावा, तसं त्यांनी बघितलं. "हिला. रविवार होता. मी भरावावरूनच फोन केला."

साहेब माझ्याकडे वळले. मला आता ठरवायला वेळ मिळाला नाही, असं म्हणता येईल. पण वेळ होता. पंखा फिरत होता, खाली कोणीतरी टायरवर हातोडा मारत होता, सगळं ऐकू येण्याइतका वेळ होता. पुढच्या महिन्यापासून मधली खोली पूर्ण माझ्या ताब्यात येणार होती, हाताखाली दोन माणसं मिळणार होती. ते सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

"मला नाही आठवत साहेब," मी म्हणाले. "वहीत असेल ना. वही बघू या."

वहीत ती का नाही, हे मला माहीत होतं. वहीत लिहू नका, असं मीच सांगितलं होतं.

वही आली. सहा मोऱ्या, सहा चित्रं, सातवं पान कोरं. काकांनी पान उलटलं, पुन्हा मागे आणलं, पुन्हा उलटलं. साहेब काहीतरी बोलत होते. काकांचं लक्ष नव्हतं. त्यांचे ओठ अगदी बारीक हलत होते. ते खुणांच्या उंच्या म्हणत होते. खोलीत हे फक्त मला कळत होतं. मग त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "नसेल सांगितली. माझीच चूक. वय झालं साहेब."

वही मी कपाटात ठेवून आले.

संध्याकाळी जिन्यात त्यांनी मला गाठलं. आसपास कोणी नव्हतं. "रागावू नकोस, एकच विचारतो," ते म्हणाले. "फोन केला होता का गं मी? मला तो खोकला आठवतोय. नळातून आलेला. तू बरं म्हणालीस तेही आठवतंय. माझा फोन जुना, त्यात वीसच्या वर नंबर राहत नाहीत, नाहीतर बघितलं असतं. केला होता का?"

इथे साहेब नव्हते, नोकरी मध्ये येत नव्हती. इथे मी खरं बोलले असते तर गोष्ट आमच्या दोघांत राहिली असती. त्यांनी ठेवली असती, मला खात्री आहे. पण एकदा बोललेलं खोटं दुसऱ्यांदा बोलायला काहीच कष्ट पडत नाहीत.

"काका, तुम्ही दमलाय," मी म्हणाले. "घरी जा, आराम करा."

"म्हणजे नव्हता केला."

ते कठडा धरून जिना उतरले. त्याआधी मी त्यांना कठडा धरताना पाहिलं नव्हतं.

क्षेत्रपाहणीतली त्रुटी, असा शेरा बसून प्रकरण मिटलं. निवृत्तीला आठ महिने उरलेले असताना काकांनी राजीनामा दिला. साहेबांनी बरीच गळ घातली, पण काका म्हणाले, "उद्या आणखी काही विसरलो तर कोणाच्या घरात पाणी जायचं." बत्तीस वर्षांच्या वह्या त्यांनी कपाटात तशाच ठेवल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली. "तुझ्याकडे असू दे. मला आता या वाचून कोणाला काही सांगायचा अधिकार नाही." मी किल्ली घेतली. घ्यायला नको होती, पण नाही म्हणायला तोंड नव्हतं.

मी त्यांच्याकडे जात राहिले. महिन्या-दोन महिन्यांनी, फळं घेऊन. लोक म्हणायचे, बघा, किती माया आहे. खाई त्याला खवखवे, दुसरं काय! प्रत्येक वेळी घरात काहीतरी नवं दिसायचं. आधी गॅसच्या शेगडीच्या वर एक चिठ्ठी चिकटली: बंद केला का? मग दाराच्या आतल्या बाजूला: किल्ली, चष्मा, पत्ता. मग काकांच्या सदऱ्याच्या खिशात पत्त्याचं कार्ड. डॉक्टरांनी दोनदा तपासलं आणि दोन्ही वेळा म्हणाले, या वयाला जेवढं विसरायला होतं तेवढंच आहे, काही झालेलं नाही. काका म्हणायचे, थोरल्याचाही डॉक्टर आधी हेच म्हणाला होता. ते एकटे बाहेर पडेनासे झाले. ज्या माणसाने हे गाव पावलापावलाने मोजलं, तो कोपऱ्यावर दूध आणायला काकूंना सोबत न्यायचा.

एकदा मी न राहवून विचारलं, "काका, जुन्या दवाखान्याची पायरी?"

"पाचशे बारा पूर्णांक तीनशे चाळीस," ते म्हणाले. मग काकूंकडे वळून म्हणाले, "बरोबर आहे का गं?"

काकूंना त्यातलं काय कळणार? त्या म्हणाल्या, "बरोबरच असणार." काकांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नव्हतं.

कधीकधी मला त्यांचाच राग यायचा, हेही लिहून ठेवते. एवढा कसा हा माणूस लेचापेचा? एका पोरीने आठवत नाही म्हटलं तर स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडतो? भांडायचं होतंत माझ्याशी. खोटारडी म्हणायचं होतंत. घरी येऊन मी आईवर खेकसायची. पण काकांनी भांडण केलं नाही, कारण मी खोटं बोलेन हा विचारच त्यांच्या डोक्यात आला नव्हता. ही खोटं बोलते की माझं डोकं फिरलंय, या दोनांत त्यांनी स्वतःचं डोकं निवडलं.

साहेबांच्या खोलीतल्या त्या दिवसानंतर चौदा महिन्यांनी काकूंचा फोन आला. "अगं, तू ये आणि त्यांना समजाव," त्या म्हणाल्या. "तुझं ऐकतात. वृद्धांच्या त्या संस्थेत नाव घालायचं म्हणतात, स्वतःचं. फॉर्म आणलाय. म्हणतात, थोरल्याचं आपण केलं, माझं तुला करायला लावणार नाही, अजून समजतंय तोवर जातो. सोमवारी भरणार आहेत."

माझं ऐकतात म्हणे. मी फोन ठेवला आणि बराच वेळ न्हाणीघरात पाणी सोडून बसले.

त्या शनिवारी ऑफिसात कोणी नसताना मी जुनी जाळी उघडली आणि भरावातले चार चौकोन खाली उतरवले. चार तास प्रोग्राम चालला. ती सरळ रेघ नाहीशी झाली, निळं पाणी नळातून वाकडंतिकडं खाली उतरलं आणि गिरणीच्या गल्लीचं पाणलोट रंगलं: एक्क्याण्णव हेक्टर. नळात वाकून बघत काका नव्वद म्हणाले होते. मग मी साहेबांना सगळं एका कागदावर लिहिलं आणि त्यांच्या घरी नेऊन दिलं. त्यांनी दारात उभ्याउभ्याच वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "नवा नाला मंजूर झालाय. आता हे कशाला उकरून काढतेस?" मी म्हणाले, "काकांसाठी."

रविवारी सकाळी नवा नकाशा छापून घेऊन मी काकांकडे गेले. ते खिडकीशी बसून फॉर्म भरत होते; जन्मतारखेच्या रकान्यात लिहून, काकूंना दाखवून, खात्री करून घेत होते. काकू आत पाणी आणायला वळल्या, तेवढ्यात मी बोलले. बसलेही नव्हते.

"काका, तुम्ही फोन केला होता."

त्यांनी पेन थांबवलं. "कुठला?"

"मोरीचा. रविवारी. तुम्ही सांगितलं होतं आणि मी टाकते म्हणाले होते आणि टाकली नाही. साहेबांसमोर खोटं बोलले. जिन्यातही."

मला वाटलं होतं ते ओरडतील, किंवा रडतील, किंवा मला बाहेर काढतील. मी सगळ्याची तयारी करून आले होते. त्यांनी चष्मा काढला आणि कामाच्या वेळी विचारायचे त्या आवाजात विचारलं, "किती वाजता?"

"साडेआठ."

"मी काय म्हणालो?"

मी सगळं सांगितलं. शब्दाला शब्द. चौदा महिने ते माझ्या डोक्यातून हललं नव्हतं. घाणेरी, तीन फुटी नळ, आरपार उजेड, नव्वद हेक्टर.

"आणि खोकला? खोकला म्हणालो होतो?"

"हो. आधी तुमच्या पायाशी कोणी खोकल्यासारखं वाटलं, मग आवाज नळातून येतोय हे कळलं, असं म्हणाला होतात."

मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला तिकडे बघवेना. "अगं!" त्यांनी हाक मारली. "अगं, ऐकलंस का? केला होता! फोन केला होता मी! खोकला खरा होता!"

काकू हातात तांब्या घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

काका उभे राहिले. खिशातलं कार्ड काढून त्यांनी फॉर्मवर ठेवलं, मी आणलेला नकाशा उघडून नळापाशी बोट टेकवलं आणि लहान मुलासारखे हसले. मला एक शब्दही वावगा बोलले नाहीत. त्यांना माझी आठवणच राहिली नव्हती. स्वतःचं डोकं परत मिळालं होतं आणि त्यापुढे बाकी सगळं किरकोळ होतं. "जरा भरावापर्यंत जाऊन येतो," ते म्हणाले.

"एकटे?" काकू म्हणाल्या.

"एकटा!" ते म्हणाले आणि गेले. जिन्यात त्यांची पावलं भराभर वाजली.

काकू खिडकीशी गेल्या आणि ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत राहिल्या. मग त्यांनी तांब्या टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. मला त्या नेहमी अगं-तुगं करायच्या.

"चौदा महिने," त्या म्हणाल्या, "रोज अंथरुणावर पडलं की मला विचारायचे, आज मी काही वेडंवाकडं बोललो का? मी नाही म्हणायचे. ते म्हणायचे, तू माझं मन राखतेस. मग मलाच शंका यायला लागली. गेल्या महिन्यात ते म्हणाले भाजीत मीठ नाही, आणि मी चव घ्यायच्या आधी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. आपल्या माणसाकडे मी तसं बघितलं."

"काकू, मी..."

"तुम्ही निघा आता," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "ते येतील तासाभरात, आणि आल्या आल्या तुम्हाला माफ करतील. मी त्यांना चाळीस वर्षं ओळखते, दोन मिनिटंसुद्धा लावणार नाहीत. ते मला बघवणार नाही. त्याच्या आत जा."

मी गेले. ते समोरून येतील म्हणून मागच्या गल्लीने गेले.